अच्छेराचं वजन

शेठचे ठाण्याचे भागीदार गिरणी बघायला आले, त्या दिवशी मी इंजिनाच्या तेलटाकीवरचं अच्छेराचं, म्हणजे अर्ध्या शेराचं, वजन काढून तिथे शेराचं टांगलं.

मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. माझी मूर्खपणाची कामं मी नेहमी स्वयंस्फूर्तीने करतो, त्यासाठी कोणाला भरीला घालावं लागत नाही.

त्या काळी आमच्याकडे इंजिन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आगगाडीचं यायचं. आमचं तसलं नव्हतं. कमरेइतक्या उंचीचं, घासलेटवर चालणारं, आणि मूळचं एका लाँचमधलं. कोणी एक साहेब त्या लाँचमधून ठाण्याच्या खाडीत हिंडायचा. एकदा ओहोटीच्या वेळी ती कळव्याच्या बाजूच्या चिखलात रुतली ती रुतलीच. साहेब गुडघाभर चिखल तुडवत घरी गेला आणि त्याने खाडीचं नाव टाकलं. इंजिन तेवढं काढून विकलं, ते आमच्या शेठनी घेतलं आणि कल्याणात खाडीच्या बांधालगत त्यांची भातगिरणी होती तिथे आणून टाकलं. टाकलं असंच म्हणतो, कारण ते बसवलं माझ्या दादाने.

होडी हाकायला केलेलं यंत्र, त्याला भात कांडायला लावायचं म्हणजे तालमीतल्या पैलवानाला पोळ्या लाटायला बसवण्यासारखं. दादाने त्याला मोठं चाक लावलं, गार राहावं म्हणून शेजारी पाण्याचं लाकडी पिंप जोडलं, आणि हवा आत जायच्या तोंडावर घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून एक झाकण केलं. ते कमीजास्त उघडता यायचं. आम्ही त्याला नुसतं 'पत्रा' म्हणायचो.

एवढं कशाला लागतं ते सांगतो, नाहीतर माझा पराक्रम तुम्हाला कळायचा नाही. तेलाच्या टाकीत हवा कोंडायची. ती हवा तेलाला दाबते, तेल सुईएवढ्या भोकातून धुक्यासारखं उडतं, त्यात पत्र्यातून आलेली हवा मिसळते आणि मग ते आत पेटतं. सगळी गोम त्या मिसळण्यात. तेल जास्त झालं की इंजिन काळा धूर ओकतं, हवा जास्त झाली की उचक्या देतं. टाकीतला दाब दाखवणारा काटा चिखलात खराब झालेला. तेव्हा टाकीवर जी दांडी होती तिच्या टोकाला दादाने गिरणीतल्या तराजूची वजनं एकेक करून टांगून पाहिली. दाब वाजवीपेक्षा वाढला की दांडी उचलली जायची आणि जास्तीची हवा फुस्सकन बाहेर. पावशेराला इंजिन उपाशी राहायचं, शेराला अजीर्ण व्हायचं. अच्छेर बरोबर. पितळेचं ते अच्छेर दादाने दांडीला तारेने बांधून टाकलं. तराजूवाल्याला म्हणाला, "हे आता तुझं नाही, याचं. तू दोन पावशेरांवर भागव."

आणि इंजिन असं चालायला लागलं की काय सांगू! खाडीकडून दमट वारा सुटला की दादा पत्रा बोटभर सरकवायचा, उन्हं तापली की परत मागे. डोळे मिटून कान द्यायचा आणि हात आपोआप पत्र्याकडे जायचा. आवाज कसा, तर दुपारी जेवून निजलेल्या माणसाच्या श्वासासारखा. भात पाखडणाऱ्या बायका सुपं बाजूला ठेवून म्हणायच्या, "मिस्त्री, तुमचा इंजिन निजला का मेला?"

गिरणीला वर्ष होतं न होतं तोच दादाला ताप आला. ताप गेला, पण जाताना कान घेऊन गेला. दोन्ही कान फुटले, वाहायला लागले. वैद्याने लसणीचं तेल दिलं. वहिनींनी डोंबिवलीच्या माहेरी निरोप धाडून कसलासा पाला मागवला. पुढे कान वाहायचे थांबले आणि ऐकायचेही थांबले.

दादा माझ्याहून बराच मोठा. आईवडील गेल्यावर मला वाढवलं ते त्याने आणि वहिनींनी. त्यांना मूलबाळ नव्हतं, होतो तो मी, म्हणजे त्यांच्या नशिबाची कल्पना करा. घर दादाच्या कामावर चालायचं हे तर झालंच. पण खरं सांगायचं तर घर कसंही चाललं असतं. दादाचं काय झालं असतं? त्याला भजनाचा नाद नाही, पत्त्यांचा नाही, पानाचाही नाही. सकाळी डोळे उघडले की तो वारा कुठला आहे ते बघायचा, कारण त्यावर पत्रा किती उघडायचा ते ठरणार. त्या इंजिनापासून त्याला दूर केलं असतं तर उरलं काय असतं? आणि बहिऱ्या मिस्त्रीला इंजिनापाशी कोण उभं करणार?

म्हणून हे कोणाला कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं. मी तेव्हा मॅट्रिकला दुसऱ्यांदा गचकलेलो आणि तिसऱ्यांदा गचकण्याची तयारी करत होतो. दादाने शेठना सांगितलं, "धाकट्याला हाताखाली घेतो." लोकांना वाटलं पोरगा शिकतोय. मी शिकत काही नव्हतो. मी दादाचा कान होतो.

गिरणीच्या दारात, दादाच्या नजरेसमोर मी उभा राहायचो. इंजिन उचक्या द्यायला लागलं तर मी कानाची पाळी ओढायची, आवाज जड झाला तर नाक खाजवायचं, सगळं ठीक असलं तर हाताची घडी. एवढं सोपं काम. पण बांधावर डास असतात हे ठरवताना कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक डास माझ्या नाकावर बसला, मी नाक खाजवलं, दादाने तेल कमी केलं. डास पुन्हा बसला, दादाने आणखी कमी केलं. तिसऱ्यांदा इंजिन बंद पडलं. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावोजी, उद्यापासून तोंडाला हळद फासून जात जा."

माणसांशी बोलायची दादाने स्वतःच एक रीत काढली. समोरच्याला सुरुवातच करू द्यायची नाही. एरवीचा अबोल माणूस, पण शेठ दारात दिसले रे दिसले की हा सुरू: पट्टा सैल झालाय, तेलाचे डबे संपत आलेत, वारा बदललाय. शेठना उत्तर द्यायची फुरसतच मिळायची नाही. आणि चुकून शेठ काही बोललेच, तर ओठ हलायचे थांबेपर्यंत थांबून दादा मान डोलवायचा, "तुमचं म्हणणं बरोबर आहे." शेठलोकांपुढे या वाक्यावर माणसाचा जन्म निघू शकतो. वर्षभर निघाला.

मधे एक गोष्ट घडली. वहिनींची ताकाची रवी खाली सैल झालेली, ती दादाने दुरुस्तीला गिरणीत आणली होती. दोन्ही हातांनी सुतळी आवळता यावी म्हणून त्याने रवीचा दांडा दातांत धरला, आणि वाकताना रवीचं दुसरं टोक चालत्या इंजिनाला टेकलं. दादा एकदम थबकला. हातातली सुतळी खाली पडली. मला वाटलं चटका बसला. तो तसाच वाकून राहिला, रवी दातांत घट्ट, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग रवी काढून मला म्हणाला, "अरे, हे बोलतंय!"

लाकडातून, दातांतून, हाडांतून इंजिन त्याला ऐकू येत होतं. कानावाटे नाही, पण येत होतं. त्या दिवसापासून गिरणीत कोणी परकं नसलं की दादा रवी दातात धरून इंजिनावर ओणवा. मिस्त्री इंजिनाचं ताक घुसळतोय असं बायका म्हणायच्या. रवी मात्र पुन्हा ताकाच्या कामी आली नाही. एकदा आणली तेव्हा त्या ताकाला जो वास आला, तो मांजराने शिंकून जाहीर केला. वहिनींनी दुसरी रवी घेतली.

आता तो दिवस.

शेठचे भागीदार टेंभी नाक्यापाशी राहायचे. वजनदार गृहस्थ, आवाजाने आणि अंगानेही. त्यांच्या मनात मुंबईहून वाफेचं इंजिन आणायचं होतं, त्याच्याबरोबर त्याचा माणूसही यायचा. आदल्या दिवशी त्यांचा कारकून येऊन पाहणी करून गेला. इंजिनाशेजारी उभा राहून तो मला म्हणाला, "हे चालू आहे? मला वाटलं मांजर गुरगुरतंय. आमच्या साहेबांना हे पसंत पडायचं नाही हो. त्यांना दणका लागतो."

तेवढं वाक्य मला पुरलं. दादाला मी ते सांगितलं नाही. मी विचार केला. मी विचार केला की घरात काहीतरी फुटतं, हे वहिनींचं मत. त्या दिवशी मी ते सिद्ध केलं. माझं गणित असं: दणका हवा म्हणजे जोर हवा, जोर हवा म्हणजे तेल हवं, तेल हवं म्हणजे दाब हवा. अच्छेराने एवढं चालतं तर शेराने दुप्पट. मॅट्रिकच्या परीक्षकांना माझ्यात काय दिसायचं ते आता कळतं.

दादाने त्या दिवशी धुतलेला कोट चढवला होता, डोक्याला जरीचा रुमाल. परक्या माणसांपुढे रवी दातात धरता येणार नव्हती, म्हणून ती पोत्यांच्या मागे ठेवली. मला म्हणाला, "आज रवी नाही. आज सगळं तुझ्यावर. दारातून हलू नकोस." मी मान डोलवली. तो भागीदारांना आणायला बांधावर गेला आणि मी तराजूपाशी जाऊन शेर उचलला. तारेची गाठ सोडली, अच्छेर खिशात घातलं, शेर टांगला, आणि हातपंपाने टाकीत हवा भरली, भरली, भरत राहिलो.

मंडळी आत आली तेव्हा इंजिन दणाणत होतं. जमीन हादरत होती. भागीदारांनी तोंड उघडलं आणि मिशांवर हात फिरवला. "शेठ, अहो, याच्यात दम आहे की!" मी हाताची घडी घातली. दादाने माझ्याकडे पाहिलं, घडी पाहिली, आणि हसून भागीदारांना एकेक दाखवायला लागला.

पत्रा उघडला होता अच्छेराच्या हिशोबाने आणि तेल येत होतं शेराचं. थोड्या वेळाने धुराच्या नळीतून काळं यायला लागलं. वारा खाडीकडचा, त्याने तो धूर खिडकीतून परत आत आणला, थेट कांडलेल्या तांदळाच्या ढिगावर. दादाने एकदा नाक ओढलं. मी ते पाहिलं. मला वाटलं पडसं. मग त्याने काय करावं? तो वळला आणि इंजिनाकडे आणि माझ्याकडे पाठ करून भागीदारांना पलीकडच्या खिडकीबाहेरचं पिंप दाखवायला लागला. सगळी मंडळी त्याच्याबरोबर तिकडे वळली. आता मी कानाची पाळी उपटून हातात दिली असती तरी त्याला दिसणार नव्हती.

नळीत न जळलेलं तेल साचत गेलं आणि पेटलं. असा बार झाला की काय सांगू. बायका सुपं टाकून ओरडत पळाल्या. शेठची पगडी तांदळात पडली. भागीदार पोत्यावर बसले ते उठेनात. बांधावरचे कावळे उडून गेले आणि दूरवर कुत्री भुंकायला लागली.

आणि दादा खिडकीशी उभा, पिंपाकडे बोट करून, शांतपणे सांगत होता, "...म्हणून इतकं शांत इंजिन तुम्हाला कल्याणात दुसरं मिळायचं नाही."

इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. दादा बोलतच होता. शेठ हळूच त्याच्या मागे गेले आणि म्हणाले, "मिस्त्री." मग मोठ्याने, "मिस्त्री!" मग त्यांनी त्याच्या कानामागे टाळी वाजवली. दादा पिंपाच्या लाकडाविषयी सांगत होता. साग कसा पाण्यात टिकतो ते.

मग तो वळला आणि त्याला आमचे चेहरे दिसले. एकेकाच्या तोंडाकडे बघत तो माझ्यापर्यंत आला. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. दादाचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

शेठ वाईट माणूस नव्हते. ते हळू म्हणाले, "मिस्त्री, असा माणूस मला इंजिनापाशी उभा करता येत नाही. एखादा जीव जाईल. उद्यापासून तुम्ही येऊ नका."

दादाने त्यांचे ओठ हलायचे थांबेपर्यंत वाट पाहिली. मग मान डोलवली.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," तो म्हणाला.

त्या गडबडीत मी काय केलं? शेर काढला आणि अच्छेर परत टांगलं. तेवढं मात्र चपळाईने केलं. मिस्त्री बहिरा म्हणून बार झाला, अशीच सगळ्यांची समजूत झाली. भागीदार पोत्यावरून उठवले गेले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "वाफेचं राहू द्या शेठ. याच्यात जोर आहे, कानवाला माणूस तेवढा हवा." मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हटलं. घरात चूल पेटायची होती, नाही कसं म्हणू?

धुराचा वास लागलेला तो तांदूळ शेठनी आमच्याकडे पाठवून दिला, बाजारात तो कोण घेणार! वहिनींनी धुतला, उन्हात घातला, पुन्हा धुतला. वास जाईना. आम्ही तोच खाल्ला. पहिल्या घासाला वहिनी म्हणाल्या, "भावोजी, जेवल्यावर दिव्याजवळ जाऊ नका." कोणी हसलं नाही, म्हणून त्याच हसल्या, आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. दादा जेवला. पान चाटूनपुसून स्वच्छ केलं.

मी इंजिन चालवायला लागलो, म्हणजे इंजिन मला चालवायला लागलं. कधी उचक्या, कधी धूर. मला कान होते, चांगले दोन होते, पण त्यांतून आत काही जात नव्हतं. दादा ओटीवर बसून असायचा. सकाळी उठून वारा कुठला ते बघायचा, आणि मग लक्षात यायचं की आता वाऱ्याशी काम नाही, तेव्हा मान खाली घालायचा. वहिनी मला म्हणाल्या, "रात्री झोपेत इकडचा हात हलतो. काहीतरी सरकवल्यासारखा." मी हातपाय धुवायला गेलो.

एके दिवशी संध्याकाळी मी घरी येऊन सदरा खुंटीला अडकवला. दादा उठला, सदऱ्यापाशी गेला, बाही नाकाशी धरली आणि पुष्कळ वेळ हुंगत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पत्रा बोटभर उघड. तेल पचत नाहीये त्याला."

दुसऱ्या दिवशी पत्रा बोटभर उघडला. इंजिन निजलेल्या माणसासारखं श्वास घ्यायला लागलं. बायका सुपं थांबवून बघायला लागल्या.

तेव्हापासून तो नेमच झाला. मी यायचो, सदरा काढून दादाच्या हातात द्यायचो. कच्च्या तेलाचा वास आला तर एक सांगणं, तापल्या लोखंडाचा आला तर दुसरं. "आज उपाशी ठेवलंस." "आज वारा फिरल्यावर तू झोपला होतास." सदऱ्याला काजळी कुठे लागली आहे ते बघून मी कुठे उभा होतो तेही सांगायचा. कल्याणच्या बांधावरचं इंजिन आमच्या ओटीवरून चालत होतं, एका मळक्या सदऱ्यातून, आणि शेठ लोकांना सांगायचे की धाकटा थोरल्याच्या वर गेला. धुवायच्या आधी सदरा दादाकडे जायचा म्हणून वहिनी त्याला 'टपाल' म्हणायच्या. टपाल येईपर्यंत दादा दाराकडे डोळे लावून बसायचा. पण त्याला चालत्या इंजिनाला हात लावायला पुन्हा मिळालं नाही. शेठनी बजावून ठेवलं होतं. एकदा तो बांधापर्यंत आला, गिरणीच्या भिंतीला बाहेरून तळहात टेकून थोडा वेळ उभा राहिला आणि परत गेला. मी आतून पाहिलं. मी बाहेर गेलो नाही.

हे सगळं मांडून ठेवल्यावर कोणालाही जी गोष्ट लगेच दिसावी, ती मला दिसायला पुढचा पावसाळा उजाडावा लागला. सदऱ्यात मुरलेल्या वासावरून ज्याला बोटभर पत्रा कळतो, त्याला त्या दिवशी नाकासमोरचा काळा धूर कळला नव्हता?

गिरणीतली रवी मी घरी आणलेली होती. दादाशी बोलायचं तर आम्ही तीच वापरायचो: एक टोक त्याच्या दातात, दुसरं माझ्या, आणि दात न उघडता बोलायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दोन कुत्री एका हाडावर. बाकीचं जग त्याला बंद झालं होतं, पण माझा आवाज घोगरा होऊन का होईना, पोचायचा. त्या संध्याकाळी बाहेर पाणी पडत होतं. मी रवी पुढे केली. त्याने टोक दातात धरलं.

"दादा," मी म्हटलं, "त्या दिवशी तुला वास आला होता ना?"

त्याने डोळ्यांनीच हो म्हटलं.

"मग वळून मला थांबवलं का नाहीस? पाठ का केलीस?"

दादाने रवी तोंडातून काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्याकडे पाहिलं. बहिऱ्या माणसांना आपला आवाज कळत नाही. तो एवढ्या मोठ्याने बोलला की वहिनी चुलीपासून बाहेर आल्या.

"मी वळलो असतो तर शेठही वळले असते. आणि ते तुझं तोंड एकदा बघितलं की गाढव कोण, हे बहिऱ्यालाही ऐकू आलं असतं!"